जाहिरात चारचौघांतच बरी

गणपतीला गावी निघालो होतो. ताम्हिणी उतरून माणगावात शिरलो आणि दरवर्षी होतं तेच झालं. दीड तास गाडी जागच्या जागी. गाण्यांच्या भेंड्या झाल्या, डब्यातल्या चकल्या संपल्या. तेव्हा नणंदेनं टूम काढली, गाणी पुरेत, आता जाहिराती म्हणून दाखवायच्या. पंचेचाळिशीपुढचे आम्ही तिघं सुटलोच. निरमा, विको, लिज्जत, धारा, बजाजची स्कूटर. एकानं पहिला शब्द टाकायचा अवकाश, बाकीचे सुरासकट थेट कंपनीच्या नावापर्यंत. सासूबाई हल्ली नातवंडांच्या नावांत घोटाळा करतात, पण सर्फची ललिताजी त्यांनी मान उडवून जशीच्या तशी करून दाखवली.

मग मुलांची पाळी आली. भाची एकोणीस वर्षांची, तिचा भाऊ सोळाचा. एका घरात, एका वायफायवर वाढलेली ही भावंडं. तिनं कुठल्याशा सनस्क्रीनचं नाव घेतलं, ते त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं एका गेमची जाहिरात आवाज काढून करून दाखवली, ती तिला अजिबात माहीत नव्हती. बराच वेळ प्रयत्न करूनही दोघांना मिळून ठाऊक असलेली एक जाहिरात काही निघाली नाही.

"मामी, आम्ही बघतच नाही गं. स्किप करतो," भाची म्हणाली. मग जरा थांबून, "आणि ज्या बघतो ना, त्या जाहिराती होत्या हे नंतर कळतं."

वीसेक वर्षं जाहिरातींचं मराठी लिहून माझं घर चाललं आहे. तेव्हा हे वाक्य मला टोचलं, हे वेगळं सांगायला नको.

प्रेक्षक टीव्हीवरून मोबाइलवर गेला म्हणजे पडदा लहान झाला, असं आमच्या धंद्यातले बहुतेक लोक धरून चालतात. त्यामुळे उपायही त्याच मापाचे. आडवी फिल्म उभी करा, तीस सेकंदांची दहावर आणा, आवाज बंद असला तरी कळावं म्हणून खाली अक्षरं टाका. (त्या अक्षरांत जोडाक्षरं फुटलेली असतात, ते बघायला कुणालाच वेळ नसतो.) माझ्या मते पडद्याचा आकार ही यातली सगळ्यात किरकोळ बाब आहे. पूर्वी जाहिरात चारचौघांत बोलायची. आता ती एकेकाला गाठून कानाशी लागते. हा बदल आम्हाला सोयीचा वाटला, आम्ही तो पेढे वाटून स्वीकारला, आणि इथेच आमचं चुकलं.

जुन्याचे कढ काढायला मी बसलेली नाही. विविध भारतीवर १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून. तेव्हापासून त्यांनी खोटंही भरपूर सांगितलं आहे. पण ते खोटं सगळ्यांसमोर सांगितलेलं असायचं. आमच्या चाळीत टीव्ही दोघांकडे होता आणि चित्रहारला निम्मा मजला तिथे. एखाद्या पावडरीनं हळदीचा डाग जातो असं पडद्यावर आलं, की दारात उभ्या असलेल्या कुणीतरी काकू म्हणायच्याच, "कसला जातोय! माझ्या जावेची साडी बघ." झालं. चार लाख रुपये खर्चून सांगितलेल्या गोष्टीचा एका साडीनं निकाल लावला. जाहिरातीपर्यंत बाहेरचा कुठला अंकुश पोचण्याआधी हा अंकुश पोचायचा, आणि तो फुकट होता.

गोरेपणाच्या क्रीमचं उदाहरण घ्या. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. काळी मुलगी लग्नाच्या किंवा नोकरीच्या बाजारात नापास होते आणि क्रीम लावून पास होते, ही गोष्ट तिनं वर्षानुवर्षं सांगितली. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं त्यावर तक्रारी केल्या आणि २००३ च्या सुमाराला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. पुढे २०२० मध्ये नावातला 'फेअर'ही गेला. पंचेचाळीस वर्षं लागली, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. तरी विचार करा, त्या बायकांना भांडता का आलं? कारण तक्रार करणारी, तक्रार ऐकणारा अधिकारी, कंपनीचा वकील आणि बातमी वाचणारे आपण, सगळ्यांनी तीच फिल्म पाहिली होती. 'कुठली जाहिरात?' असं विचारायची सोय कुणालाच नव्हती. आज तीच गोष्ट फक्त बावीस ते सव्वीस वयाच्या, लग्नाच्या साइटवर नाव नोंदवलेल्या मुलींच्या फोनवर दाखवता येते, आणि घरातल्या बाकी कुणाला तिचा पत्ताही लागत नाही.

प्रेक्षक किती हलला, यावर वाद घालण्यात आता अर्थ नाही. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं आणि डेटा पाण्यासारखा झाला. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क जून २०२२ मध्ये विकले गेले, तेव्हा भारतातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटलचे, निवडक सामन्यांच्या वेगळ्या बोलीसह, २३,७५८ कोटींना. क्रिकेट ज्या पडद्यावर, पैसा त्या पडद्यावर. उद्योगांची संघटना फिक्की आणि सल्लागार कंपनी ईवाय यांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये डिजिटल माध्यमांनी उत्पन्नात टीव्हीला पहिल्यांदा मागे टाकलं. तरी टीव्ही मेला असं म्हणणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी सात ते नऊ कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन यावं. डीडी फ्री डिशची छत्री आणि मालिका दोन्ही जिवंत आहेत. फक्त मालिका लागलेली असताना सून स्वयंपाकघरात तीच मालिका मोबाइलवर आपल्या सवडीनं बघते, आणि मुलगा गॅलरीत तिसरंच काही.

आता आमच्या कामाबद्दल थोडं, कारण बाहेरून ते दिसत नाही.

मराठी जाहिरात म्हणून जे तुम्ही ऐकता, त्यातलं बहुतेक मराठीत लिहिलेलंच नसतं. फिल्म हिंदीत होते. आमच्यासारख्यांना ती 'लावून' द्यायची असते. स्टुडिओत काचेपलीकडे आवाज देणारी बाई, समोर पडद्यावर नटीचे ओठ, आणि माझ्या हातात कागद. नटीचे ओठ जिथे मिटतात तिथे मराठीतही ओठ मिटणारं अक्षर हवं, म्हणजे प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी. नाहीतर आवाज एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. मराठी जाहिरातीत प्रत्येक गोष्ट 'मिळवा' असं का सांगतात, याचं कोडं कधी पडलंय का तुम्हाला? तजेलदार त्वचा मिळवा, घनदाट केस मिळवा, जंतूंपासून संरक्षण मिळवा. घरात असं कुणी बोलतं का? हिंदीत 'पाएं' असतं. प ला ओठ मिटतात, म ला मिटतात. बसलं. गेली कित्येक वर्षं महाराष्ट्र जे काही मिळवतो आहे, ते एका ओठांच्या मिटण्यापायी.

टीव्हीच्या काळात याला कारण होतं. फिल्म करायला आणि दाखवायला इतका खर्च यायचा, की मराठीसाठी वेगळी कोण करणार? आता चांगल्या फोनवर, खिडकीतल्या उजेडात, दोन माणसांत फिल्म होते. तरी मोठ्या कंपन्यांची मराठी अजून मिळवायचंच थांबलेली नाही. उलट आता निराळीच गंमत झाली आहे. कुणाला कुठल्या भाषेतली जाहिरात दाखवायची, याचा अंदाज बऱ्याच अंशी फोनच्या सेटिंगवरून बांधला जातो. आपल्याकडे मराठी बोलणारे, मराठी वाचणारे, मराठी मालिका बघणारे लोक फोनची भाषा मात्र इंग्रजी ठेवतात. माझीही इंग्रजीच आहे. मग जाहिरात देणारा 'मराठी' या रकान्यावर खूण करतो, समोर आकडा छोटा दिसतो, आणि बैठकीत वाक्य येतं, "मराठी ऑडियन्स डिजिटलवर नाहीये." आहे हो, पण तुमच्या चाळणीतून गळतो आहे. साताऱ्यातल्या माणसाला साताऱ्यात बसून हिंदी जाहिरात दिसते, ती याच हिशेबानं.

पाच सेकंदांचंही तसंच. यूट्यूबनं २०१० च्या अखेरीस 'वगळा'चं बटण आणलं, तेव्हा आमच्यात सुतक होतं. टीव्हीच्या जाहिरातीत नाव शेवटी यायचं. गोष्ट सांगा, गंमत करा, डोळ्यांत पाणी आणा, आणि मग पुडा दाखवा. आता पाचव्या सेकंदाला अंगठा तयार. म्हणून सगळ्यांनी पुडा पुढे आणला. दार उघडल्याउघडल्या 'आमच्याकडून घ्या' म्हणणाऱ्या विक्रेत्यासारखं. पण त्या बटणाचा एक हिशेब फारसं कुणी बघत नाही. बघितल्यामागे पैसे देण्याच्या पद्धतीत, प्रेक्षकानं तीस सेकंद, किंवा फिल्म त्याहून लहान असेल तर सगळी, पाहिल्याशिवाय किंवा तिच्यावर बोट ठेवल्याशिवाय जाहिरातदाराला पैसे पडत नाहीत. म्हणजे पहिली पाच सेकंदं फुकट मिळतात आणि ज्याला नको आहे तो आपणहून निघून जातो, ते पैसेही वाचतात. ज्याला ऐकायचं नाही त्याला जाऊ देणं, ही सवय जाहिरातीला पूर्वी कधीच नव्हती. मला ती सगळ्या बदलातली सर्वांत सभ्य गोष्ट वाटते. आमच्या धंद्यानं मात्र तिच्याकडे अपमान म्हणून पाहिलं, आणि निघून जाणाऱ्याच्या मागे मागे जायचं ठरवलं.

मागे मागे जाणं हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं आजारी आईसाठी भाड्यानं पलंग शोधला, तो डोक्याकडून वर होणारा असतो तसा. आई आठ दिवसांनी गेली. पुढे तेराव्यापर्यंत आणि नंतरही तिनं फोन उघडला की पलंग. बातम्यांमध्ये पलंग, रेसिपीखाली पलंग. एके दिवशी तर त्यावर वीस टक्के सूट. यात कुणाचाच वाईट हेतू नव्हता. यंत्राला एवढंच कळलं होतं, की या बाईनं पलंग शोधला आणि विकत घेतला नाही. पान उघडायला लागणाऱ्या क्षणात जागेचा लिलाव होतो, 'पलंग शोधणारी' अशी तिची ओळख बोलीला लावली जाते, आणि जास्त बोली लावणारा तिच्यासमोर येतो. घरात सुतक आहे हे त्या लिलावात कुठल्याच रकान्यात बसत नाही. दुकानदाराला मात्र शेजारपाजारातून कळलं असतं आणि तो गप्प बसला असता.

आता कानाशी लागण्याची दुसरी बाजू. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरनं स्वतः जाहीर केलं, की एका गेमिंग ॲपची भलामण करणारा आपला जो व्हिडिओ फिरतो आहे तो बनावट आहे. चेहरा त्याचा, आवाज त्याच्यासारखा, आणि वर मुलीचंही नाव घेतलेलं. त्याच वर्षी राष्ट्रीय शेअर बाजाराला आपल्या प्रमुखाच्या खोट्या व्हिडिओबद्दल असाच इशारा द्यावा लागला होता, शेअरच्या टिप्स देतानाचा. असल्या जाहिराती टीव्हीवर कधीच चालल्या नसत्या. लोक तेव्हा हुशार होते म्हणून नव्हे, तर पहिल्या दिवशी, पहिल्या ब्रेकला सचिनच्या ओळखीच्या शंभर जणांनी फोन केला असता. फोनवर ती फक्त त्या काकांना दिसते, ज्यांनी मागच्या आठवड्यात 'निवृत्तीनंतर उत्पन्न' असं काही शोधलं होतं. काका एकटे आहेत, दुपारची वेळ आहे, आणि दारात 'कसला जातोय!' म्हणणारी काकू नाही.

हा अपघात आहे असं समजायचीही सोय राहिलेली नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम ज्यांची आहेत, त्या मेटा कंपनीचे अंतर्गत कागद रॉयटर्सनं नोव्हेंबर २०२५ मध्ये बाहेर काढले. २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे दहा टक्के वाटा फसवणुकीच्या आणि मनाई असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल, असा कंपनीच्याच लोकांचा अंदाज त्यात होता. तो अंदाज ढोबळ आणि फुगवलेला होता, असं कंपनीचं म्हणणं. धरूया. पण फसवणुकीची किमान पंच्याण्णव टक्के खात्री असल्याशिवाय जाहिरातदाराला बंदी घालायची नाही, असाही नियम त्या कागदांत होता. आपल्या वाण्यानं असं सांगितलं की डाळीत खडे आहेत अशी पंच्याण्णव टक्के खात्री झाल्याशिवाय मी पोतं परत पाठवत नाही, तर आपण दुकान बदलू.

कायदे नाहीत असं नाही. जाहिरातींची स्वनियमन करणारी परिषद, म्हणजे ॲस्की, १९८५ पासून आहे. तिनं मे २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले, की पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट सांगा. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनंही तेच सांगितलं. ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करणारं कलम २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात आहे, तो कायदा लागू मात्र टप्प्याटप्प्यानं व्हायचा. हे सगळं ठीक. पण जी जाहिरात कुणाला दिसली हेच माहीत नाही, तिची तक्रार कशी करायची? स्क्रीनशॉट काढायच्या आत ती गेलेली असते.

मला इथे पतंजलीवरचा फसव्या जाहिरातींचा खटला आठवतो. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीनं सदुसष्ट वर्तमानपत्रांत माफी छापली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, तुमच्या जाहिराती जेवढ्या मोठ्या असायच्या तेवढीच ही माफी आहे का? फार नेमका प्रश्न. जिथे, जेवढ्या जागेत खोटं सांगितलं, तिथेच, तेवढ्याच जागेत मागे घ्या. वर्तमानपत्रात हे जमतं, टीव्हीवरही जमलं असतं. पण एका जाहिरातीच्या शंभर आवृत्त्या करून शंभर प्रकारच्या माणसांना वेगवेगळ्या दाखवल्या असतील, तर माफी कुठे छापायची, आणि कुठल्या आवृत्तीची?

युरोपात यावर एक साधी व्यवस्था आहे. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनी आपल्याकडे लागलेल्या प्रत्येक जाहिरातीची नोंद सगळ्यांना बघता येईल अशी ठेवायची, कुणाच्या पैशानं लागली, कुठल्या गटाला उद्देशून होती, तेही द्यायचं, आणि ती शेवटची दिसल्यापासून वर्षभर नोंद काढायची नाही. आपल्याकडे राजकीय जाहिरातींची नोंद मेटा ठेवते, पण बाकीची जाहिरात चालू असेपर्यंतच तिच्या संग्रहात सापडते. बंद झाली की गायब. म्हणजे निवडणुकीचं पत्रक जपायचं आणि गुडघ्याच्या तेलाचं फेकून द्यायचं. माझ्या मते दुसऱ्यानं जास्त माणसं फसतात. हा नियम इथे आला तर चारचौघं परत येतील. सगळे काही ती नोंदवही उघडणार नाहीत. एखादी ग्राहक संघटना, एखादा पत्रकार, एखादी चिकट स्वभावाची निवृत्त शिक्षिका उघडेल. तेवढं पुरतं. साडी एकच होती.

हे मी एकदा धंद्यातल्या मित्रासमोर बोलले तर तो भडकला. "तुझी ती चाळ आणि तो टीव्ही, तिथे कोल्हापूरच्या चटणीवालीला जागा होती का? दहा सेकंदांचे पैसे तिच्या वर्षाच्या धंद्याएवढे. आज ती पाचशे रुपयांत आपल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचते, आणि तू म्हणतेस हे बंद करा."

त्याचं अर्धं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. टीव्हीच्या काळात मराठी उद्योजकाच्या वाट्याला भिंती, एसटीची पाठ, सिनेमातल्या स्लाइड, दिवाळी अंकातलं पान आणि गणेश मंडळाची कमान असंच काहीबाही होतं. पेंढरकरांच्या विकोनं १९८४ मध्ये 'ये जो है जिंदगी' प्रायोजित केली, ती अपवाद म्हणूनच लक्षात राहते. पण चटणीवालीला काय हवं असतं? कोल्हापुरातले, फार तर पुण्यातले, तिखट खाणारे लोक. हे तिला परिसर निवडून मिळतं, रेसिपीच्या व्हिडिओपाशी उभं राहून मिळतं. त्यासाठी माझ्या मैत्रिणीची आई कधी गेली हे कुणाला कळायची गरज नाही. भाजीवाला कुठल्या गल्लीत गाडी लावायची ते ठरवतो, त्याला आपण हेरगिरी म्हणत नाही. तो आपल्या खिडकीतून फ्रीजमध्ये डोकावायला लागला तर म्हणू. मित्र या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालून विकतो, कारण त्या पिशवीवर त्याची फी ठरते.

आणि तंत्राशीही माझं भांडण नाही. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीनं शाहरुख खानच्या तोंडून गल्लीतल्या दुकानांची नावं वदवली. प्रत्येक भागात वेगळी, यंत्रानं घडवलेली. दुकानदारांना आपापल्या नावाची आवृत्तीही करून घेता येत होती. तंत्र तेच, ज्यानं सचिनचा खोटा व्हिडिओ झाला. फरक एवढा, की शाहरुखला माहीत होतं, बघणाऱ्याला माहीत होतं, आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही माहीत होतं की आपल्याला दुसरं नाव दिसतंय. लोकांनी ते एकमेकांना दाखवलं. माणूस जाहिरात आपणहून दुसऱ्याला दाखवतो, तेव्हा ती पुन्हा चारचौघांत आलेली असते.

भाचीच्या दुसऱ्या वाक्याकडे मात्र यायलाच हवं. ज्या बघतो त्या जाहिराती होत्या हे नंतर कळतं. यूट्यूब, इन्स्टाग्रामवर मराठीत फार चांगलं काम चाललंय. भाडिपानं २०१६ पासून शहरी मराठी तरुणांना त्यांच्या बोलीत हसवलं. मधुराज रेसिपीनं निम्म्या महाराष्ट्राची पुरणपोळी सुधारली. या लोकांवर बघणाऱ्यांचा जो जीव आहे, तो कुठल्या नटीच्या वाट्यालाही आला नसेल. त्यामुळे कंपन्या त्यांच्याकडे जाणारच, जावंच. पण अट घालतात ती ही, की 'जाहिरात वाटायला नको'. या अटीचा मसुदा मी स्वतः लिहिलेला आहे, म्हणून लाज बाळगूनच सांगते. नियमाप्रमाणे 'पेड पार्टनरशिप' ही अक्षरं येतात, ती कोपऱ्यात, मुंगीएवढी, तीही इंग्रजीत. 'ही जाहिरात आहे' असं मराठीत, तोंडानं, सुरुवातीलाच सांगणारे मी बोटांवर मोजू शकते.

सांगितलं तर लोक पळतात, ही समजूत कुठून आली कोण जाणे. दिवाळी अंक आपण शंभराहून जास्त वर्षं जाहिरातींसकट वाचतोय. कथा संपते, पान उलटतं, आणि समोर सराफ, बँक, लोणचीवाले. कुणाचा गैरसमज होत नाही की पीठगिरणीवाल्यानं कविता लिहिली आहे. उलट यंदा अमक्यांची जाहिरात दिसत नाही, धंदा बरा आहे ना, अशी चौकशी होते. मराठी वाचकाला पैसे कुणी दिले याचं वावडं नाही. त्याला फसवलं गेल्याचं वावडं आहे.

माझ्या ओळखीचा एक फरसाणवाला आहे. दुकान वडिलांचं, हा पस्तिशीचा. त्याचं मोबाइलवरचं काम मी बघते, पैसे कधी मिळतात, कधी शंकरपाळे. दिवाळीआधी त्यानं दुकानातच उभं राहून एक व्हिडिओ केला. मागे झाऱ्याचा आवाज, कपाळावर घाम, आणि "भाजणीची चकली चारशेला किलो झाली आहे, गेल्या वर्षीपेक्षा चाळीस जास्त, तेल महागलंय, पटलं तर घ्या" एवढंच. पाच किलोमीटरच्या आत दाखवायला दिवसाला पाचशे रुपये. व्हिडिओ बरा चालला. तिसऱ्या दिवशी त्याखाली एका बाईंनी लिहिलं, 'मागच्या खेपेला चकली मऊ निघाली होती. घरी कुणी खाल्ली नाही.'

मी त्याला लगेच फोन केला, आधी ती कॉमेंट लपव. दाबून धरलं की पर्याय येतो, समोरच्याला कळतही नाही. वीस वर्षांची सवय. तो म्हणाला, "ताई, त्या आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या आहेत. वडिलांपासूनच्या." आणि त्यानं खाली उत्तर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं: 'बरोबर आहे काकू. त्या दिवशी पाऊस होता आणि आम्ही डबा उघडा ठेवला. उरली असेल तेवढी घेऊन या, बदलून देतो.'

संध्याकाळी दुकानात गेले तर काउंटरपाशी त्याच काकू उभ्या होत्या. हातात स्टीलचा डबा, आणि मागे रांगेतली तीन माणसं त्यांना विचारत होती, व्हिडिओखाली लिहिलं होतं त्या तुम्हीच का.